टॅबबरोबर किल्ली आणि नकाशाही मागून घ्या

प्रति,
जिल्हा परिषदा आणि महापालिकांचे शिक्षण विभाग,
तसेच शाळांना टॅब भेट देणाऱ्या कंपन्या आणि विश्वस्त संस्था

स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात सुट्टीला गावी गेले होते. ज्या जिल्हा परिषद शाळेत मी सातवीपर्यंत शिकले, तिथल्या मोठ्या बाईंचा निरोप आला, "जाता जाता एक कपाट बघून जा गं. बंद पडलेले टॅब आहेत. तू म्हणशील तर ठेवते, नाहीतर निर्लेखनाच्या प्रस्तावात घालते." लोखंडी कपाट उघडलं तसा डांबराच्या गोळ्यांचा वास आला. जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे ५८ टॅब उभे रचून ठेवले होते. प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने डेडस्टॉक रजिस्टरचा नंबर. काहींच्या कडेला चिकटपट्टीखाली मुलांची नावं अजून वाचता येत होती.

मी पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांत चालणारं सॉफ्टवेअर लिहिते. जुन्या टॅबवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवणं, म्हणजे पोर्ट करणं, हे गेली काही वर्षं माझं रविवारचं काम आहे. ते कपाट मी दोन दिवस जमिनीवर मांडून बसले. ५८ पैकी तिघांच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या, दोघांच्या काचा तडकल्या होत्या, दोघांची चार्जिंगची खाच सैल झाली होती. उरलेले ५१ टॅब धडधाकट होते. रजिस्टरात मात्र सगळ्यांपुढे एकच शेरा होता: "नादुरुस्त".

हे पत्र त्या शेऱ्याबद्दल आहे. तो शेरा कपाटात पडत नाही, खरेदीच्या दिवशीच पडतो. तो टाळणं तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

धडधाकट टॅब नादुरुस्त का म्हटला जातो, ते आधी सांगते. यंत्र तेच राहतं, भोवतालचं जग पुढे जातं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य संकेतस्थळांना मोफत सुरक्षा प्रमाणपत्रं देते. तिचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या यंत्रांना ओळखीचंच नाही. काही वर्षं एका दुसऱ्या प्रमाणपत्राच्या आधारावर निभावलं, तो आधारही २०२४ मध्ये सुटला. मग मूल एखादं पान उघडायला जातं आणि समोर इशारा येतो की ही जागा सुरक्षित नाही. गुगलने २०२३ मध्ये अँड्रॉइड ४.४ साठी प्ले सर्व्हिसेस, म्हणजे अनेक ॲपना चालायला लागणारा गुगलचा भाग, पुरवणं थांबवलं. तिसरी गोष्ट आपल्या अगदी जवळची. अँड्रॉइडचे मेन्यू मराठीत दिसू लागले ते ५.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ च्या अखेरीस. त्याआधीचा टॅब तुम्ही तिसरीतल्या मुलीच्या हातात द्या, सेटिंगपासून बॅटरीच्या सूचनेपर्यंत सगळं इंग्रजी. नवी आवृत्ती चढली की तोच टॅब मराठी बोलू लागतो. मी हे काम हातात घेतलं ते मुख्यतः एवढ्यासाठी.

पोर्ट करणं म्हणजे जुन्या वाड्यात नवी वायरिंग करण्यासारखं आहे. भिंती भक्कम असतात, वासे शाबूत असतात. पण कुठली तार कुठून गेली आहे, कुठल्या बटणाने कुठला दिवा लागतो, हे ज्याने मूळ काम केलं त्यालाच ठाऊक. नकाशा मिळाला तर काम आठवड्यात होतं. नाही मिळाला तर भिंत ठोकून ठोकून तार शोधावी लागते. आणि वाड्याला कुलूप असेल आणि किल्ली कोणाकडेच नसेल, तर भिंतीपर्यंत पोचणंच नाही. टॅबच्या बाबतीत किल्ली म्हणजे बूटलोडर उघडण्याची सोय, आणि नकाशा म्हणजे कर्नलचा, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचा, सोर्स कोड आणि त्यासोबतची हार्डवेअरची वर्णनं. बूटलोडर हा टॅब सुरू होताना चालणाऱ्या पहिल्या काही प्रोग्रामांपैकी एक. पुढे कुठली सिस्टीम चालू द्यायची, हे तो ठरवतो.

त्या ५१ धडधाकट टॅबांत तीन तऱ्हा होत्या, आणि तिघांनी मला तीन वेगवेगळे धडे दिले.

पहिले ११ टॅब शहरातल्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी स्वतःचे वापरलेले दिले होते: नेक्सस ७, २०१३ सालचे. सात इंची पडदा, दोन जीबी रॅम. गुगलने त्यांना शेवटची अधिकृत आवृत्ती दिली ती अँड्रॉइड ६.०.१. पण या टॅबची किल्ली पहिल्या दिवसापासून मालकाच्या हातात आहे. संगणकाला जोडायचा, एक आज्ञा द्यायची, पडद्यावर "सगळी माहिती पुसली जाईल" असा इशारा येतो, होकार दिला की कुलूप उघडतं. म्हणूनच जगभरच्या स्वयंसेवकांनी त्याच यंत्रावर अँड्रॉइड ११ वर आधारलेली लिनिएजओएस ही खुली सिस्टीम पोचवली. मूळ कप्पे नव्या सिस्टीमला अपुरे पडत होते, तर त्यांनी साठवणीची वाटणीच नव्याने करून दिली.

हेही आपोआप घडलं नाही, हे मुद्दाम सांगते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये, हा टॅब बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा अँड्रॉइडच्या खुल्या प्रकल्पाची धुरा सांभाळणारे जाँ-बाप्तिस्त केरू यांनी ते काम सोडलं. कारण हेच की या टॅबच्या चित्रप्रक्रियेसाठी लागणाऱ्या बंद फायली चिप बनवणाऱ्यांकडून मोकळ्या होत नव्हत्या, आणि त्यांच्याशिवाय गुगलच्या स्वतःच्या टॅबवरही खुली सिस्टीम मुख्य पडद्यापर्यंत पोचत नव्हती. पुढे त्या फायली प्रसिद्ध झाल्या. गुगलमध्ये बसलेल्या माणसाला जे झगडून मिळत नव्हतं, ते एका तालुक्यातल्या शाळेला मागाहून कोण देणार? म्हणून मागायची वेळ एकच: पैसे देण्याआधीची.

दुसरे १४ टॅब पांढरे, प्लॅस्टिकचे, नाव पुसलेले. आत ऑलविनर कंपनीची ए१३ चिप, ५१२ एमबी रॅम, अँड्रॉइड ४.०. ही चिप पाहून मला पवईची आठवण झाली. आपल्याकडे "आकाश" नावाचा स्वस्त टॅब आला होता हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पहिला २०११ च्या ऑक्टोबरमध्ये, सुधारलेला "आकाश २" नोव्हेंबर २०१२ मध्ये. त्या सुधारलेल्या टॅबमध्ये हीच चिप होती. आयआयटी मुंबईत तेव्हा या टॅबवर अँड्रॉइडऐवजी पूर्ण ग्नू/लिनक्स ही संगणकावरची खुली सिस्टीम चालवून दाखवली गेली होती. पोर्टिंगचं हे काम आपल्या मुंबईत, शाळा-कॉलेजच्या टॅबसाठी, एका तपापूर्वी झालेलं आहे.

ए१३ ची एक गोष्ट मला फार आवडते. ती सुरू होताना आधी मेमरी कार्डाच्या खाचेत डोकावते. तिथे चालणारी सिस्टीम सापडली तर तीच उचलते. म्हणजे टॅबच्या पोटातल्या मूळ सिस्टीमला हातही न लावता कार्डावरून नवी सिस्टीम चालवून बघता येते. फसलं तर कार्ड काढा, टॅब पूर्वीसारखा. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली पाटी नाही. जगभरच्या उत्साही मंडळींनी या चिपचं इतकं काम करून ठेवलंय की लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्येच ती चालते. तिच्यातल्या माली-४०० या चित्रप्रक्रिया भागाचा खुला ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्राम, २०१९ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आला, तोही कंपनीच्या कागदांशिवाय, बाहेरून निरीक्षण करून लिहिलेला.

तरीही माझे चार रविवार गेले ते टचवर. या टॅबमधला स्पर्श ओळखणारा भाग असा आहे की त्याला स्वतःची स्मरणशक्ती नाही. टॅब सुरू झाला की दर वेळी त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, त्याला नव्याने भरवावं लागतं. आणि चिप तीच असली तरी काच बदलली की फर्मवेअर बदलतं. ते मूळ अँड्रॉइडच्या ड्रायव्हरच्या पोटात दडलेलं असतं. म्हणून माझा पहिला नियम: काहीही पुसण्याआधी मूळ सिस्टीमची पूर्ण प्रत काढून ठेवायची. मी एका टॅबचं फर्मवेअर काढून १४ जणांना भरवलं. नऊ टॅब छान चालले. पाच टॅबवर डावं उजवं झालं.

त्या वेळी चौथीतली एक मुलगी माझ्याशेजारी बसली होती. मी पडद्यावर मुळाक्षरं मांडून ठेवली होती. तिने डाव्या कोपऱ्यातल्या "अ" वर बोट ठेवलं, आणि उजव्या टोकाचं अक्षर उजळलं. तिने पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने काहीही न बोलता बोट उजवीकडे नेलं, "अ" उजळला, आणि ती म्हणाली, "ताई, हा आरशातला आहे." खरंच आरशातला होता. त्या पाच टॅबच्या काचा वेगळ्या जातीच्या निघाल्या. त्यांचं स्वतःचं फर्मवेअर काढलं आणि हार्डवेअरच्या वर्णनात एक ओळ घातली, "आडवा अक्ष उलटा आहे" एवढंच सांगणारी. टच सरळ झाला. ही एक ओळ बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होती. कागदावर मिळाली असती तर चार रविवार वाचले असते.

या १४ टॅबवर मी पोस्टमार्केटओएस बसवली. जुनी यंत्रं निदान दहा वर्षं चालावीत हा हेतू धरून २०१७ मध्ये सुरू झालेला हा खुला प्रकल्प आहे. ५१२ एमबीमध्ये व्हिडिओ-बिडिओची अपेक्षा धरू नका, मीही धरली नाही. त्यावर फक्त एक वाचनालय ठेवलंय: बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ आणि मराठी विकिपीडियाची इंटरनेटशिवाय उघडणारी प्रत. शाळेत रेंज येते ती फक्त जिन्याच्या वरच्या पायरीवर, त्यामुळे हीच सोय जास्त कामाची ठरली.

आता तिसरे टॅब. हे २६. निविदा काढून घेतलेले, तिघांत सगळ्यांत नवे आणि सगळ्यांत ताकदवान. आठ इंची पडदा, चार गाभ्यांचा प्रोसेसर, चांगली बॅटरी. चार्ज केले, सगळे सुरू झाले. सुरू होताच पुरवठादाराच्या नावाचा एक पडदा येतो आणि युजर आयडी, पासवर्ड विचारतो. बाईंकडे वहीत दोन्ही लिहून ठेवलेलं होतं. ते टाकलं की गोल फिरत राहतं, कारण पलीकडचा सर्व्हर बंद झाला आहे. करार संपला, सर्व्हर संपला. त्या पडद्याच्या मागे जाता येत नाही, कारण यंत्रणा तशीच बांधली आहे. सिस्टीम बदलावी म्हटलं तर बूटलोडरला कुलूप. पुरवठादाराच्या पत्त्यावर पत्र पाठवलं, ते परत आलं. ज्या कारखान्याने टॅब बनवला त्यांना ईमेल केली. उत्तर आलं की या मॉडेलचा आधार संपला आहे आणि कुलूप उघडण्याची सोय दिली जात नाही.

११ जुने टॅब चालले, १४ त्याहून अशक्त टॅब चालले, आणि सगळ्यांत चांगले २६ तसेच पडून आहेत. त्यांच्यात कुठलाही दोष नाही. सरकारचे पैसे गेले, शाळेच्या नावावर नोंद झाली, टॅब शाळेच्या मालकीचे झाले. किल्ली मात्र शाळेला कोणी दिलीच नाही, कारण निविदेत ती कोणी मागितली नव्हती. मी ती निविदा वाचली. पडदा किती इंची, रॅम किती, कव्हरचा रंग कोणता, बोधचिन्ह कुठे छापायचं, सगळं होतं. किल्लीबद्दल अवाक्षर नव्हतं.

माझं मागणं एवढंच आहे की पुढच्या निविदेत काही ओळी वाढवा. वॉरंटी संपल्यावर, किंवा पुरवठादाराने सेवा बंद केल्यावर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, प्रत्येक टॅबचा बूटलोडर उघडण्याची रीत आणि लागणारे कोड खरेदी करणाऱ्या कार्यालयाकडे लेखी सोपवले जातील. हे कोड टॅबबरोबरच बंद लिफाफ्यात किंवा पेन ड्राइव्हवर जमा करून घ्या. "नंतर देऊ" यावर विसंबू नका, नंतर कंपनीच उरत नाही. दुसरं, त्या मॉडेलच्या कर्नलचा सोर्स आणि टचसारख्या भागांची फर्मवेअर-फाइल टॅब पोचतानाच मागून घ्या. कर्नलच्या सोर्ससाठी तर कोणावर मेहेरबानीचं ओझंही नाही. अँड्रॉइडच्या पोटातला लिनक्स कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो, आणि तो घालून यंत्र विकणाऱ्याने त्याचा सोर्स उपलब्ध करून देणं ही त्या परवान्याचीच अट आहे. आपण मागत नाही, म्हणून मिळत नाही. तिसरं, बॅटरी स्क्रूने बसवलेली हवी, गोंदाने नको. ज्या तीन बॅटऱ्या फुगल्या होत्या, त्या काढताना काचा वाचवता आल्या नाहीत. (फुगलेल्या बॅटरीचा टॅब कृपा करून "एकदा बघूया" म्हणून चार्जिंगला लावू नका. तो बाजूला काढा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.)

काही अधिकाऱ्यांशी मी बोलले, तेव्हा एक शंका नेहमी आली: किल्ली दिली तर मुलं काहीतरी करून बसतील, टॅब चोरीला जातील. शंका रास्त आहे. म्हणूनच मी किल्ली मुलांच्या हातात द्या असं म्हणत नाही. ती गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कपाटात राहू द्या, वॉरंटी असेपर्यंत कुलूपही राहू द्या. दुसरी शंका सुरक्षिततेची. तीही खरी आहे. कुलूप उघडलेल्या टॅबवर बँकेचं काम करू नये, परीक्षेचे गुण भरू नयेत. पण ज्या टॅबला वर्षानुवर्षं एकही सुरक्षा-दुरुस्ती मिळालेली नाही, त्यावर ते करणं कुठे सुरक्षित आहे? वाचायला, शब्दकोश बघायला, गणिताची उजळणी करायला नव्या सिस्टीमचा उघडा टॅब जुन्या सिस्टीमच्या बंद टॅबपेक्षा कितीतरी बरा.

हे मागणं जगावेगळंही नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेला नियम २० जून २०२५ पासून लागू झाला आहे. मोबाइल आणि टॅबच्या एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही निदान पाच वर्षं त्याला सिस्टीमची अपडेट मिळाली पाहिजेत, असं तो म्हणतो. आपल्या केंद्र सरकारचं कार्यालयांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण २०१५ पासून आहे. ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही काढलं. केरळात काईट ही सरकारी संस्था शाळांच्या लॅपटॉपसाठी स्वतःची लिनक्स तयार करते आणि शिक्षकांना ती चालवायला शिकवते. आपल्याकडे मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले, महाज्योती ही राज्य सरकारची संस्था प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब देते. टॅब घेण्याची इच्छा आणि पैसा दोन्ही आहेत. खरेदीच्या कागदात चार ओळींची भर पडायची आहे.

किल्ली हातात असली की काय घडतं याचं एक उदाहरण सांगते. एचपी कंपनीने १ जुलै २०११ ला टचपॅड नावाचा टॅब बाजारात आणला आणि त्याच वर्षी १८ ऑगस्टला त्याचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. अवघ्या दीड महिन्यात. उरलेला माल ९९ डॉलरला फुंकून टाकला. त्यातली वेबओएस ही सिस्टीम अनाथ झाली. पण त्या टॅबच्या बूटलोडरने कोणाला अडवलं नाही. ऑक्टोबरमध्येच स्वयंसेवकांनी त्यावर अँड्रॉइडवर आधारलेली सायनोजेनमॉड चालवली, आणि पुढे कितीतरी वर्षं लोकांनी तो टॅब वापरला. बनवणाऱ्याने दीड महिन्यात सोडलेलं यंत्र अनोळखी माणसांनी वर्षानुवर्षं सांभाळलं.

भेट देणाऱ्या कंपन्यांना आणि विश्वस्त संस्थांना एक वेगळी विनंती. तुमच्या कार्यालयातले जुने टॅब शाळेला देताना ते कार्यालयाच्या नियंत्रण-यंत्रणेतून आधी मुक्त करा, खाती काढून टाका आणि मॉडेलचं पूर्ण नाव एका कागदावर लिहून द्या. मॉडेल नंबरातल्या शेवटच्या एका अक्षराने पोर्ट बदलतो. आणि शक्य असेल तर पाच वेगवेगळे टॅब देण्यापेक्षा एकाच मॉडेलचे तीन द्या. एकावर जमलं की तिघांवर जमतं, आणि एक मेला तर त्याचे भाग इतर दोघांना लागतात.

निविदेच्या त्या चार ओळींचा मसुदा मी मराठीत तयार केला आहे. कोणत्याही जिल्हा परिषदेला हवा असेल तर देईन, आणि ज्यांना आपल्या शाळेतलं कपाट उघडून बघायचं असेल त्यांच्याबरोबर रविवारी बसेन. आयटीआयच्या आणि तंत्रनिकेतनच्या मुलांना हे काम शिकवायलाही मला आवडेल. सोल्डरिंग येणाऱ्या मुलाला हे महिन्याभरात जमतं.

ते २६ टॅब अजून कपाटात आहेत. मी त्यांचे मॉडेल नंबर, चिपचं नाव आणि सर्किट बोर्डाचे फोटो नोंदवून ठेवले आहेत. एखाद्या दिवशी कोणी किल्ली दिली तर त्याच संध्याकाळी काम सुरू करता येईल. बाईंनी यंदाच्या निर्लेखनाच्या यादीतून त्यांचे नंबर वगळले आणि रजिस्टरातला "नादुरुस्त" खोडून त्यापुढे लाल पेनाने "कुलूपबंद" असं लिहिलं. लेखापरीक्षक विचारतील तेव्हा काय सांगायचं, हे त्यांनी मला विचारलं आहे. तुमच्यापैकी कोणी याचं उत्तर लेखी दिलं, तर ते मी त्यांच्याकडे पोचवीन.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी